तीन जन्मांची रायफल : शस्त्रागारात पुन्हा जोडलेल्या स्नायपर रायफलीचा अस्सलपणा कसा ठरवावा?

एक जुनी सोव्हिएत रायफल टेबलावर ठेवली आहे. नळीच्या मुळाशी रशियातल्या 'तुला' कारखान्याचा तारा आहे आणि त्याखाली १९४३ हे साल. डाव्या अंगाला पोलादी बैठक, तिच्यावर आखूड दुर्बीण. बोल्टची दांडी लांब आणि खाली वाकवलेली. लाकडावर तांबूस लाखेची चकाकी. पहिल्या नजरेत मन भरते. मग बारकावे दिसू लागतात. बोल्टवरच्या क्रमांकाचे वळण नळीवरच्या क्रमांकाशी जुळत नाही. मॅगझिनच्या तळपत्रीवर जुना क्रमांक रेघ मारून रद्द केला आहे आणि शेजारी विजेच्या लेखणीने नवा कोरला आहे. दुर्बिणीवरचे साल युद्धानंतरचे आहे. आता ही रायफल खरी मानायची की खोटी?

जगभरचे शस्त्रसंग्राहक, लिलावदार आणि वस्तुसंग्रहालयांचे अभिरक्षक या प्रश्नावर कित्येक वर्षे वाद घालत आहेत. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली रायफल तेवढी अस्सल. दुसरा म्हणतो, लष्कराने दुरुस्त केली ती लष्कराचीच, त्यात खोटे काय? हे दोघे एकाच प्रश्नाची उत्तरे देत नाहीत, असे मला वाटते. रायफलीचे तीन जन्म असतात : पहिला कारखान्यात, दुसरा शस्त्रागारात, तिसरा बाजारात. अस्सलपणाचा निवाडा करायचा तर हे तिन्ही जन्म वेगवेगळे वाचायला हवेत. या लेखात मुख्यतः मोसिन-नागांत ९१/३० या सोव्हिएत रायफलीच्या पीयू दुर्बिणीच्या आवृत्तीचा विचार केला आहे. शस्त्रागारातून पुन्हा जोडून निघालेल्या स्नायपर रायफलींत बाजारात सर्वाधिक दिसते ती हीच, आणि सर्वाधिक वादही हिच्यावरूनच होतात.

पहिला जन्म : कारखाना

मूळ रायफल १८९१ ची. रशियन अधिकारी सर्गेई मोसिन आणि बेल्जियमचे नागांत बंधू यांच्या आराखड्यांतून ती आकाराला आली. तिच्या नळीचा व्यास तीन 'लाईन', म्हणजे इंचाचे तीन दशांश, म्हणजेच ७.६२ मिलिमीटर. म्हणून रशियन सैनिक तिला प्रेमाने 'त्र्योखलिनेयका' म्हणत. १९३० मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, ती ९१/३०. १९३० च्या दशकात लाल सैन्याने नेमबाजांचे प्रशिक्षण मोठ्या प्रमाणावर सुरू केले आणि निवडक रायफलींवर चौपट मोठे दाखवणाऱ्या पीई आणि पीईएम या दुर्बिणी बसवल्या.

पुढे सैन्याचा भर एसव्हीटी-४० या अर्धस्वयंचलित रायफलीवर गेला. तिच्यासाठी हलकी, आखूड, साडेतीन पट मोठे दाखवणारी पीयू दुर्बीण तयार झाली. पण नेमबाजाला हवी तेवढी अचूकता त्या रायफलीने दिली नाही. १९४२ मध्ये जुन्या मोसिनची स्नायपर आवृत्ती पुन्हा बनू लागली, या वेळी पीयू दुर्बीण आणि कोचेतोवने आखलेली बाजूची बैठक घेऊन. तुला आणि इझेव्स्क या दोन कारखान्यांत तिचे उत्पादन झाले. त्यात इझेव्स्कचा वाटा फार मोठा, म्हणून तुलाच्या रायफली कमी सापडतात आणि त्यांना भाव जास्त मिळतो. तुलाचा तारा पाहून हरखून जाण्याआधी हे ध्यानात असावे. जिथे भाव जास्त, तिथे बनावटीचा मोहही जास्त.

बैठकीची रचना समजली की अर्धे परीक्षण सोपे होते. रिसीव्हर म्हणजे नळीमागचा, बोल्ट सामावणारा पोलादी भाग. त्याच्या डाव्या बाजूला एक पट्टी बसते. तिला दोन मोठे स्क्रू आणि दोन खुंट्या धरून ठेवतात, म्हणजे रिसीव्हरमध्ये एकूण चार भोके. दुर्बिणीचे कडे असलेला वरचा भाग पुढून एका गोल गाठीवर टेकतो आणि मागून वर-खाली दोन स्क्रूंनी जुळवला जातो. दुर्बीण नळीच्या वर असल्याने बोल्टची साधी, आडवी दांडी तिला अडते. म्हणून दांडी लांब करून खाली वाकवली. याच कारणाने पाच काडतुसांची क्लिप वरून घालता येत नाही, नेमबाजाला एकेक काडतूस भरावे लागे.

स्नायपर मोसिन कुणाकुणाच्या हातात होती, तेही विसरू नये. मॉस्कोजवळ पोडोल्स्क येथे स्त्री-नेमबाजांची मध्यवर्ती शाळा होती. तिथून शिकून गेलेली रोझा शानिना जानेवारी १९४५ मध्ये पूर्व प्रशियात मारली गेली. ल्युदमिला पावलिचेन्को हिच्या नावावर ३०९ बळींची नोंद आहे. स्टॅलिनग्राडच्या वासिली झाइत्सेवची रायफल आज व्होल्गोग्राडच्या संग्रहालयात आहे. या माणसांचे आयुष्य त्या पोलादाला चिकटलेले आहे. त्या पोलादावर खोटा ठसा मारणे म्हणजे त्यांच्या आठवणीवरही खोटा ठसा मारणे होय. माझ्या लेखी हा विषय खरेदी-विक्रीपुरता उरत नाही, तो याच कारणाने.

दुसरा जन्म : शस्त्रागार

युद्ध संपले तेव्हा सोव्हिएत संघाकडे अफाट संख्येने रायफली होत्या. चिखल, बर्फ आणि हजारो गोळ्यांनी झिजलेल्या. पुढच्या युद्धासाठी त्या साठवायच्या होत्या, म्हणून शस्त्रागारांमध्ये त्यांची पद्धतशीर दुरुस्ती सुरू झाली. तिथल्या कारागिरापुढे एकच उद्दिष्ट होते : ही रायफल उद्या सैनिकाच्या हाती दिली तर नीट चालली पाहिजे. पन्नास वर्षांनी कुणी भिंग घेऊन तिचे क्रमांक जुळवत बसेल, हा विचार त्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

रायफली सुट्या केल्या गेल्या. भाग स्वच्छ झाले, मापकांनी तपासले गेले, झिजलेले बाजूला पडले. पुन्हा जोडताना ज्याचा भाग त्यालाच मिळेल याची खात्री नव्हती. मग बोल्ट, मॅगझिनची तळपत्री आणि दस्त्याच्या बुडाची पत्री यांवरचे जुने क्रमांक रद्द करून नळीवरचा क्रमांक नव्याने टाकला गेला, कधी ठशांनी, कधी विजेच्या लेखणीने. संग्राहक याला 'जुळवलेले क्रमांक' म्हणतात आणि 'मूळचे जुळणारे क्रमांक' यांपासून ते वेगळे धरतात. पोलादावर नवा काळसर-निळा मुलामा चढला. लाकडावर लाख चढली, फुटलेल्या जागी लाकडाचे तुकडे सांधले गेले, काही रायफलींना युद्धोत्तर थरांच्या लाकडाचे दस्ते मिळाले. नळीच्या मुळाशी दुरुस्तीच्या खुणा उमटल्या. त्यांतली चौकोनात तिरकी रेघ ही खूण सर्वांत परिचित आहे.

आणखी एक खूण नळीच्या तोंडाशी सापडते. तोंडाकडून सफाईची सळई घालून घालून तिथले आटे झिजतात आणि नेम बिघडतो. अशा वेळी शस्त्रागारात नळीचे तोंड आतून थोडे रुंद कोरत, म्हणजे गोळी शाबूत आट्यांवरून बाहेर पडे. असे कोरलेले तोंड दिसले तर ती रायफल भरपूर वापरली गेली होती आणि लष्कराने तिला टाकून न देता सुधारले, एवढे नक्की कळते.

स्नायपर रायफलींच्या वाट्याला शस्त्रागारात आणखी एक वळण आले. ज्यांच्या दुर्बिणी फुटल्या, हरवल्या किंवा ज्यांची त्या भूमिकेत गरज उरली नाही, अशा पुष्कळ रायफली साध्या पायदळी रायफली केल्या गेल्या. बैठक काढली, भोकांत बुचे बसवून वेल्ड केले आणि घासून सपाट केले. वाकडा बोल्ट काढून सरळ बोल्ट दिला. दस्त्यात बैठकीसाठी कोरलेली खाच लाकडाने भरली किंवा दस्ताच बदलला. या रायफलींना संग्राहक 'माजी स्नायपर' म्हणतात. मुलाम्याखाली डाव्या बाजूला बुचांची वर्तुळे पुसट दिसतात, ती ओळखण्याचा आनंद वेगळाच असतो. पण सारा गोंधळ सुरू होतो तोही याच रायफलींपासून.

१९६३ मध्ये द्रागुनोव्हची एसव्हीडी रायफल सेवेत आली आणि मोसिनची सद्दी संपली. वंगणात बुडवलेल्या रायफली कोठारांत पडून राहिल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर त्या मोठ्या संख्येने पाश्चात्त्य बाजारात, विशेषतः अमेरिकेत पोहोचल्या.

तिसरा जन्म : बाजार

अमेरिकेत आयात झालेल्या बंदुकीवर आयातदाराची खूण टाकावी लागते, ती नळीवर किंवा रिसीव्हरवर बारीक अक्षरांत सापडते. पुष्कळ संग्राहकांना ही खूण डोळ्यांत खुपते. मला ती उपयोगी वाटते, कारण रायफल कोणत्या वाटेने आली याचा तो पुरावा आहे. कुणी ती घासून काढली असेल तर आणखी काय काय घासले गेले, असा प्रश्न लगेच उभा राहतो.

साध्या मोसिनपेक्षा स्नायपर मोसिनला कितीतरी पट किंमत मिळते. मग बाजारात चार प्रकार एकाच नावाने फिरू लागतात. पहिला, कारखान्यातून स्नायपर म्हणून निघालेली आणि स्नायपर म्हणूनच शस्त्रागारात दुरुस्त झालेली रायफल. दुसरा, माजी स्नायपर, जिची भोके अलीकडे कुणीतरी उघडून तिच्यावर पुन्हा बैठक आणि दुर्बीण चढवली आहे. तिसरा, जन्माने साधी रायफल, जिच्यात आज भोके पाडली आहेत. चौथा, नवे सुटे भाग वापरून उघडपणे केलेली प्रतिकृती. यांतला चौथा प्रकार नाव सांगून विकला तर कुणाचीच फसवणूक होत नाही. दुसराही, प्रामाणिकपणे सांगितला तर, हौसेचा विषय आहे. फसवणूक होते ती दुसरा आणि तिसरा प्रकार पहिल्याच्या नावाने विकला जातो तेव्हा.

पोलाद आधी वाचावे

परीक्षणाचा क्रम महत्त्वाचा आहे. दुर्बिणीने डोळे दिपतात, म्हणून ती शेवटी पाहावी. सुरुवात नळीच्या मुळापासून करावी.

पहिला प्रश्न काळाचा. नळीवरचे साल पीयू रायफलींच्या उत्पादनकाळात बसते का? १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे रिसीव्हर षटकोनी असत, नंतरचे गोल. पीयू स्नायपर १९४२ पासूनची, त्यामुळे षटकोनी रिसीव्हरवर पीयू बैठक दिसली तर सावध व्हावे. रिसीव्हरच्या मागच्या शेपटीखाली बहुतेकदा सालाचे दोन आकडे असतात, पण ते पाहायला रायफल दस्त्यातून काढावी लागते. विक्रेता रायफल उघडू देत नसेल तर त्या नकारातूनच बरेच कळते.

दुसरा प्रश्न स्नायपर म्हणून जन्म झाल्याच्या खुणेचा. इझेव्स्कमध्ये रायफलीला दिलेल्या दुर्बिणीचा क्रमांक नळीच्या मुळाशी डाव्या बाजूला ठसवत. दुरुस्तीत दुर्बीण बदलली की जुना क्रमांक रेघेने रद्द होई आणि नवा पडे. तुलाची पद्धत वेगळी होती, तिथे स्नायपर या शब्दाच्या आद्याक्षरांची छोटी खूण भेटते. म्हणून एका कारखान्याचा नियम दुसऱ्याला लावू नये. इझेव्स्कसारखा क्रमांक नाही, म्हणून तुलाची रायफल नाकारणे चूक. आणि क्रमांक आहे एवढ्यावरून ती स्वीकारणेही चूक, कारण ठसे आजही मारता येतात.

इथे तिसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा तोच : थरांचा क्रम. खेड्यातल्या मारुतीवर वर्षानुवर्षे शेंदराचे थर चढतात आणि कधीतरी ते कवच गळून आतली मूर्ती दिसते. त्या थरांमुळे मूर्ती खोटी ठरत नाही, पण आधीचा थर कोणता आणि नंतरचा कोणता, हे मात्र कळते. रायफलीचेही तसेच. युद्धकाळात मारलेला ठसा शस्त्रागाराच्या मुलाम्याखाली असतो. त्याच्या खोबणीच्या तळाशीही काळसर-निळा रंग उतरलेला असतो आणि घासण्याने कडा बोथट झालेल्या असतात. मुलाम्यानंतर मारलेल्या ठशाच्या तळाशी उघडे, चमकते पोलाद दिसते आणि कडांना उठावलेली किनार बोटाला जाणवते. शस्त्रागाराने मुलाम्यानंतर विजेच्या लेखणीने लिहिलेले क्रमांक मात्र उघड्या धातूतच असतात, आणि ते तसेच असायला हवेत. नुसते 'नवे दिसते' म्हणून भागत नाही. कोणती खूण कोणत्या टप्प्यावर पडायला हवी होती आणि प्रत्यक्षात कोणत्या थरात सापडते, याचा ताळा घालावा लागतो.

भोकांचेही परीक्षण याच रीतीने. बैठक काढून पाहिले तर माजी स्नायपरच्या उघडलेल्या भोकांत वेल्डचे अवशेष, रंगातला फरक, आट्यांची ओढाताण दिसते. आज पाडलेल्या भोकांच्या भिंती स्वच्छ आणि रंगहीन असतात, किंवा त्यांवर बाटलीतला थंड रंग लावलेला असतो, जो शस्त्रागाराच्या मुलाम्याशी जुळत नाही. बैठकीच्या पट्टीखालचा पृष्ठभागही बोलतो. वर्षानुवर्षे झाकलेली जागा आणि उघडी जागा यांचा पोत सारखा नसतो.

मग लाकूड, बोल्ट आणि काच

स्नायपरच्या दस्त्यात डाव्या बाजूला बैठकीसाठी खाच असते. ती लाखेखाली आहे की लाखेवरून कापली आहे, हे पाहावे. कडांवर ताजे लाकूड उघडे असेल तर खाच अलीकडची. दस्ता दुसऱ्या रायफलीचा असणे ही मात्र मोठी तक्रार नव्हे, शस्त्रागारात दस्ते बदललेच जात.

वाकवलेल्या बोल्टकडे नीट पाहावे. आज सरळ बोल्टची दांडी कापून तिथे नवी दांडी वेल्ड करणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे मुळाशी वेल्डची कड किंवा उष्णतेचे डाग दिसतात का ते तपासावे. बोल्टवरच्या क्रमांकाबद्दल एक विरोधाभास सांगायला हवा. दुरुस्त झालेल्या रायफलीचा बोल्ट जुळवलेल्या क्रमांकाचा असणे अपेक्षित आहे. दुरुस्तीच्या सगळ्या खुणा असलेल्या रायफलीवर बोल्ट, तळपत्री, बुडाची पत्री असे सगळे काही मूळ ठशांचे, स्वच्छ आणि एकसारखे जुळत असेल, तर आनंदाआधी शंका यावी. अति जुळणे हा कधी कधी खोटेपणाचा पुरावा असतो.

दुर्बिणीबाबत अपेक्षा माफक ठेवावी. शस्त्रागाराने जी चांगली सापडली ती बसवली. युद्धापूर्वी एसव्हीटीसाठी बनलेली किंवा युद्धानंतरची दुर्बीण दुरुस्त रायफलीवर आढळणे स्वाभाविक आहे. पाहायचे ते एवढेच की दुर्बिणीचा क्रमांक, नळीवरचा दुर्बिणीचा क्रमांक आणि बैठकीवरचा रायफलीचा क्रमांक या तिन्हींचा परस्परसंबंध शस्त्रागाराच्या रीतीने बसतो का. पीयूच्या धर्तीवरच्या नव्या दुर्बिणी आणि बैठका बाजारात सहज मिळतात. अक्षरांची कोरीव ढब, ड्रमवरचे आकडे, स्क्रूंचे डोके यांत त्या सहसा उघड्या पडतात.

एक परीक्षा मात्र कागदाशिवाय आणि भिंगाशिवाय घेता येते. पीयूच्या वरच्या ड्रमने अंतर आणि बाजूच्या ड्रमने वाऱ्याची दुरुस्ती होते. त्या काळच्या दुर्बिणींत ड्रम फिरवला की नेमाची खूण स्वतःच दृश्यक्षेत्रात सरकते. त्यामुळे दुर्बीण नळीशी जवळजवळ समांतर आधी बैठकीनेच बसवावी लागते, ड्रम केवळ शेवटच्या बारीक फरकासाठी. कारखान्यात आणि शस्त्रागारात ही जुळणी हाताने कानस चालवून होत असे. घाईने जोडलेल्या रायफलीत नेम जुळवल्यावर खूण मधोमध न राहता कोपऱ्यात जाऊन बसते. खरी जोडणी डोळ्याला लगेच कळते. मला ही परीक्षा सर्वांत आवडते, कारण ती रायफलीला तिच्या कामाबद्दल विचारते.

इतर देशांचे दाखले

मोसिनच्या पलीकडे पाहिले की प्रश्न आणखी स्पष्ट होतो.

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली 'थ्री नॉट थ्री' म्हणजे ली-एनफिल्ड घराणे. तिची काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आणि त्यांच्या बुडावर केएफ ही इंग्रजी अक्षरे असत. याच घराण्यातली नंबर ४ (टी) ही ब्रिटिश स्नायपर रायफल. अचूक ठरलेल्या रायफली निवडून त्या लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे दिल्या जात. १९४२ पासून त्यांनी अशा वीस हजारांहून अधिक रायफली घडवल्या. दस्त्याखाली त्यांची एस५१ ही सांकेतिक खूण, डाव्या बाजूला टी हे अक्षर, दस्त्याच्या मनगटावर दुर्बिणीचा क्रमांक आणि दुर्बिणीच्या कंसावर रायफलीचा क्रमांक. रायफल दुर्बिणीचा क्रमांक सांगते आणि दुर्बीण रायफलीचा. परस्परांची साक्ष देणाऱ्या अशा खुणांची नक्कल करणे बनावटखोराला जड जाते. या पद्धतीपासून सर्वांनी शिकावे.

पुढे १९७० च्या सुमारास ब्रिटनने यांपैकी सुमारे एक हजार रायफलींना ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाची जड नळी बसवली आणि त्यांना एल४२ए१ हे नाव दिले. ही रायफल मुळात पुनर्बांधणीच आहे. जुनी नळी असलेली 'अस्सल' एल४२ए१ असूच शकत नाही. 'शस्त्रागाराने बदलली म्हणून अस्सल नाही' हा नियम इथे कोलमडतो.

अमेरिकेची एम१९०३ए४ रेमिंग्टनने १९४३-४४ मध्ये बनवली. तिच्यावर दुर्बिणीची बैठक येणार हे आधीच ठाऊक असल्याने रिसीव्हरवरची अक्षरे मधोमध न ठेवता दोन्ही बाजूंना सरकवली. साध्या एम१९०३ए३ वर कुणी दुर्बीण चढवली तर अक्षरे बैठकीखाली झाकली जातात आणि बनाव तिथेच उघडा पडतो. याउलट एम१डी. या गरँड रायफलीत दुर्बिणीचा आधार नळीवर असतो, रिसीव्हरला भोकच लागत नाही. योग्य नळी मिळाली की कोणतीही गरँड एम१डी सारखी दिसू शकते. म्हणून तिथे सरकारी विक्रीचा कागद जवळजवळ रायफलीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या दाखल्यांतून एकच नियम निघतो : ज्या रायफलीत स्नायपरपणाची खूण पोलादातच खोल आहे, तिथे पोलादावर विश्वास ठेवावा. ज्या रायफलीत ती सहज बदलता येण्याजोग्या भागात आहे, तिथे कागद मागावा. मोसिन या दोहोंच्या मध्ये आहे. तिची भोके आणि ठसे रिसीव्हरवर व नळीवर आहेत, पण त्यांची नक्कल होऊ शकते. म्हणून तिच्यासाठी पोलाद, थर आणि कागद, तिन्हींची साक्ष लागते.

कागद आणि कहाणी

'ही स्टॅलिनग्राडमध्ये होती', 'ही अमुक नेमबाजाची होती' अशा कहाण्या पुष्कळ कानी येतात. २००१ मध्ये झाइत्सेववर आधारित चित्रपट आला आणि त्या आणखी पसरल्या. १९४४ चा ठसा असलेली रायफल स्टॅलिनग्राडला असणे शक्य नाही, कारण ती लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली होती. इतका साधा हिशेबही अनेकदा केला जात नाही. नावाशी जोडणारा दस्तऐवज नसेल तर कहाणीला किंमत देऊ नये. दुर्बिणीची कातडी टोपणे, काडतुसांच्या पिशव्या, सफाईचे साहित्य या वस्तू मागाहून सहज जमवता येतात. त्यांनी रायफल सजते, पण पुरावा वाढत नाही.

निवाडा

आता मूळ वादाकडे येऊ. केवळ मूळ अवस्थेचा आग्रह धरणाऱ्यांचे एक म्हणणे रास्त आहे : शस्त्रागाराने कधीच न शिवलेली पीयू रायफल दुर्मीळ आहे, तिच्यात युद्धकाळातली कारागिरी जशीच्या तशी दिसते आणि तिला वेगळा मान मिळायला हवा. पण त्यावरून दुरुस्त रायफल दुय्यम किंवा संशयास्पद ठरत नाही. युद्ध, झीज, दुरुस्ती, साठवण हा सैन्याच्या रायफलीचा सर्वसाधारण जीवनक्रम आहे. रद्द केलेला क्रमांक हा तिचा डाग नसून तिच्या नोंदवहीतली एक ओळ आहे.

म्हणून अस्सलपणा रायफलीत शोधण्याआधी दाव्यात शोधावा, असे माझे ठाम मत आहे. 'युद्धकाळी स्नायपर म्हणून बनलेली, नंतर शस्त्रागारात दुरुस्त झालेली, दुर्बीण नंतरची' असे स्पष्ट सांगितले तर सुरुवातीला टेबलावर ठेवलेली ती रायफल पूर्ण अस्सल ठरू शकते, मात्र तिच्या ठशांच्या तळाशी शस्त्रागाराचा मुलामा उतरलेला असला पाहिजे आणि बैठकीखालच्या भोकांत वेल्डचा मागमूस नसला पाहिजे. तीच रायफल 'कारखान्यातून निघाली तशी' म्हणून विकली, तर एकही भाग न बदलता ती खोटी ठरते.

संग्राहकांना आणि संग्रहालयांना एक कळकळीची विनंती. दुरुस्तीच्या खुणा घासू नका. लाख उतरवून 'मूळ' लाकूड उघडे करू नका. माजी स्नायपरची बुचे काढून तिला पुन्हा दुर्बीण लावण्याचा मोह टाळा. ती बुचे तिच्या आयुष्यातली खरी घटना आहे आणि एकदा काढली की परत येत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक रायफलीसोबत एक साधी नोंद ठेवा : कारखान्याच्या खुणा कोणत्या, शस्त्रागाराच्या कोणत्या, आणि त्यानंतर काय बदलले, कुणी आणि केव्हा. प्रत्येक क्रमांकाचे छायाचित्र त्या नोंदीला जोडा. रायफल विकाल तेव्हा ही नोंदही तिच्यासोबत द्या. पुढच्या माणसाला तिचे तिन्ही जन्म वाचता येतील, ते या नोंदीमुळेच.